२८ डॉलरचा तोटा आणि निळी रिबन: मुलांना फोर-एच क्लबमध्ये का घालायचं, कसं घालायचं



मागच्या व्हिडिओत कॉस्टिंग शिकवताना मी माझ्या भाचीच्या कोंबड्यांचा विषय दोन मिनिटांत उरकला होता. त्यावरून दोन प्रकारच्या लोकांनी मला धरलं. एक म्हणजे अमेरिकेत राहणारी आपली मराठी मंडळी. त्यांचं म्हणणं, "आमच्या मुलांना त्या क्लबमध्ये घालायचं तर सुरुवात कुठून करायची?" दुसरे इथले दुकानदार. ते म्हणाले, "सर, आमच्या तालुक्यात असलं काही नाही. मग आम्ही फक्त ऐकून घ्यायचं का?"

आजचा लेख दोघांसाठी आहे. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे. पण आधी माझी फजिती सांगतो. तिच्याशिवाय हा धडा कळणार नाही.

माझा चिवडा

विट्यात आमचं किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. मी बीबीए करून परत आलो तेव्हा डोक्यात वारं शिरलेलं. दुसऱ्याचा माल किती दिवस विकायचा? आपलं काहीतरी हवं. दिवाळीला घरचा पोह्यांचा चिवडा अर्ध्या किलोच्या पाकिटात विकायला काढला. आईच्या हाताला चव आहे, गावाला माहीत आहे. ३०० किलो माल बनवला आणि सगळा संपला.

हिशोब मी असा केला. पोहे, तेल, शेंगदाणे, डाळं, मसाला मिळून किलोला १३० रुपये. विक्री २०० रुपये किलो. म्हणजे किलोमागे ७० आणि ३०० किलोला २१,००० रुपये नफा. मी खूश. भाऊबीजेला ओहायोतल्या ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि मोठ्या तोऱ्यात हा हिशोब ऐकवला. शेजारी अकरा वर्षांची भाची बसलेली. तिने विचारलं, "मामा, आजीचे तास कुठे लिहिलेस?"

मी म्हटलं, "अगं, आजी घरचीच आहे."

ती म्हणाली, "आमच्या वहीत घरच्यांचे पण तास लिहायचे असतात."

मी हसून विषय बदलला. पण रात्री झोप लागेना. उठलो आणि कागद घेतला. कमर्शियल सिलिंडर ३, म्हणजे ५,४०० रुपये. पाकिटं आणि लेबल, ६०० नगांना प्रत्येकी ८ रुपये, म्हणजे ४,८००. चव द्यायला वाटलेला आणि चुरा झालेला १० किलो माल, म्हणजे २,००० रुपयांची विक्री गेली. न आलेली उधारी ३,५००. एकूण १५,७००. माझ्या २१,००० मधून हातात उरले ५,३०० रुपये.

आता आजीचे तास. आई आणि माझी बायको, दोघी रोज सहा तास, अठरा दिवस. २१६ तास. ५,३०० भागिले २१६. तासाला पंचवीस रुपयेसुद्धा पडत नव्हते. बाहेरची बाई तासाला ५० रुपयांनी लावली असती तर १०,८०० रुपये मजुरी गेली असती आणि मी साडेपाच हजारांनी तोट्यात आलो असतो.

म्हणजे नफा झालाच नव्हता. मी आईची मजुरी खाल्ली होती आणि तिला "धंदा" म्हणत होतो. कॉस्टिंगच्या पेपरात मला ७१ मार्क होते, बरं का!

तेव्हा मी ताईला विचारलं, की ही पोरगी कुठे जाते, आणि ती वही कसली आहे?

फोर-एच म्हणजे नक्की काय

फोर-एच हा अमेरिकेतला मुलांचा क्लब. चार 'एच' म्हणजे हेड, हार्ट, हँड्स आणि हेल्थ. आपल्या भाषेत डोकं, मन, हात आणि आरोग्य. चिन्ह आहे हिरवं चार पानांचं क्लोव्हर, प्रत्येक पानावर एक 'एच'. साधारण ५ ते १८ वर्षांची मुलं यात असतात आणि देशभरात त्यांची संख्या साठ लाखांच्या घरात आहे. चालवतात कोण? तिथली कृषी विद्यापीठं, त्यांच्या एक्स्टेन्शन विभागामार्फत. आपल्याकडे कृषी विद्यापीठाचं विस्तार खातं असतं, तसंच हे. ओहायोत हे काम ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीकडे आहे. जवळपास प्रत्येक काउंटीत एक्स्टेन्शनचं ऑफिस असतं. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा.

पद्धत एका ओळीत सांगायची तर करून शिका. प्रत्येक मूल वर्षाला एक किंवा जास्त प्रोजेक्ट घेतं. कोंबड्या, भाजीपाला, स्वयंपाक, शिवण, सुतारकाम, फोटोग्राफी, रोबोटिक्स, छोटा व्यवसाय, काहीही. प्रोजेक्ट मूल स्वतः करतं, स्वतः लिहून ठेवतं, लोकांसमोर उभं राहून सांगतं, आणि शेवटी परीक्षकाला दाखवतं. केलं, मग त्यावर विचार केला, मग पुढच्या कामात वापरलं, अशी ही तीन पायऱ्यांची शिडी आहे.

क्लबची मीटिंगही मुलंच चालवतात. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार सगळी मुलं. ठराव मांडायचा, अनुमोदन द्यायचं, मतदान घ्यायचं, मागच्या मीटिंगचा वृत्तांत वाचायचा. मोठी माणसं मागच्या खुर्चीवर बसतात. माझ्या ट्रेनिंगला येणाऱ्या कितीतरी चाळिशीच्या माणसांना पाच जणांसमोर आपल्या दुकानाबद्दल दोन मिनिटं बोलता येत नाही. तिथे बारा वर्षांचा खजिनदार उभा राहून क्लबच्या खात्यात किती शिल्लक आहे ते सांगतो.

हे सुरू कसं झालं (हा भाग घाईत सोडू नका)

१९०२ साल. ओहायोतल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहॅम नावाचे शाळांचे सुपरिंटेंडेंट होते. त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलामुलींचा एक क्लब सुरू केला. मका लावणं, भाजी पिकवणं, माती तपासणं असे उद्योग. फोर-एचचा जन्म इथूनच मानतात.

१९१० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका शिक्षिकेने, मेरी क्रोमर यांनी, मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येक मुलीने एकराच्या दहाव्या भागात, म्हणजे आपल्या हिशोबात चार गुंठ्यांत, टोमॅटो लावायचे, पीक डब्यात भरून टिकवायचं आणि विकायचं. जमीन चार गुंठेच, पण लागवड, प्रक्रिया, पॅकिंग, विक्री आणि हिशोब सगळं एकाच मुलीच्या हातात. आज आपण ज्याला व्हॅल्यू ॲडिशन म्हणतो ते त्या पोरी शंभर वर्षांपूर्वी करत होत्या. पुढे १९१४ साली स्मिथ-लिव्हर कायदा झाला, विद्यापीठांच्या विस्तार कामाला सरकारी पैसा मिळाला आणि हे क्लब देशभर पसरले.

आता यातली खरी गोम ऐका. विद्यापीठांत नवीन बियाणं, नवीन पद्धती निघत होत्या, पण म्हातारे शेतकरी ऐकत नव्हते. "आमच्या बापजाद्यांनी असंच केलं." ओळखीचं वाटतंय ना? मग लोकांच्या लक्षात आलं की मुलं मात्र नवीन गोष्ट करून बघतात. पोराच्या तुकड्यात मका चांगला आला की बाप काही न बोलता कुंपणाशी येऊन बघतो, आणि पुढच्या हंगामात तेच बियाणं मागतो.

माझ्याकडे येणाऱ्या तिशीतल्या दुकानदारांची पहिली तक्रार असते, "सर, वडील ऐकत नाहीत." बरोबर आहे, वाद घालून कोण ऐकतं? दुकानातलं एक फडताळ मागून घ्या, त्याची वेगळी वही ठेवा, सहा महिन्यांनी आकडे समोर ठेवा. मुलाला शिकवताना घर शिकतं, ही या क्लबची सगळ्यात जुनी युक्ती आहे.

सामील व्हायचं कसं: अमेरिकेतल्या पालकांसाठी

पायरी १. ऑफिस गाठा. आपल्या काउंटीच्या नावापुढे "एक्स्टेन्शन फोर-एच" लिहून शोधा, फोन करा किंवा सरळ जाऊन या. "आम्ही शेतकरी नाही, शहरात राहतो," हे कारण सांगू नका. शहरात, शाळांत, शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांतही हे क्लब चालतात. ताईकडे अंगण तरी आहे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी स्वयंपाक, शिवण, फोटो, कोडिंग यातलं काहीही घ्यावं.

पायरी २. वय बघा. बहुतेक ठिकाणी पाच ते सात वर्षांच्या मुलांचा वेगळा गट असतो, त्यांना क्लोव्हरबड म्हणतात. तिथे स्पर्धा नसते, नुसतं करून बघायचं असतं. नेहमीचे प्रोजेक्ट साधारण आठव्या वर्षापासून. वय कुठल्या तारखेला धरायचं ते राज्यागणिक बदलतं, म्हणून ऑफिसातच विचारा.

पायरी ३. क्लब बघून निवडा. काही क्लबमध्ये सगळ्या विषयांची मुलं एकत्र असतात, काही एकाच विषयाचे असतात, उदाहरणार्थ फक्त घोडे किंवा फक्त रोबोटिक्स. आधी एक मीटिंग नुसती बसून बघा. मीटिंगमध्ये मुलं बोलतात की मोठी माणसं, एवढं एकच बघा. मोठी माणसंच बोलत असतील तर दुसरा क्लब शोधा.

पायरी ४. नोंदणी आणि तारखा. नोंदणी हल्ली ऑनलाइन होते. बऱ्याच ठिकाणी वर्ष शरद ऋतूत, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या आसपास सुरू होतं. जनावराचा प्रोजेक्ट असेल तर अमुक तारखेच्या आत ते तुमच्या ताब्यात हवं, असा नियम असतो. शिवाय जनावरांची निगा आणि खाद्यसुरक्षा यावर मुलांना छोटं प्रशिक्षण घ्यावं लागतं. एक तारीख चुकली की वर्ष गेलं, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्या तारखा कॅलेंडरवर टाका.

पायरी ५. खर्च विचारा. फी राज्य आणि काउंटीप्रमाणे बदलते. जड वाटत असेल तर सवलत आहे का ते मोकळेपणाने विचारा, त्यात कमीपणा नाही. मात्र खरा खर्च फीचा नसतो, प्रोजेक्टचा असतो. शिवणाचा प्रोजेक्ट एका ओट्याच्या कापडात होईल. वासरू किंवा डुक्कर पाळायचं म्हणजे घरच्या बजेटला हात लागतो.

पायरी ६. तुमची भूमिका. क्लब स्वयंसेवकांवर चालतो. पालक म्हणून तुम्हीही नाव देऊ शकता. त्यासाठी पार्श्वभूमीची तपासणी आणि प्रशिक्षण असतं, ते नीट पार पाडा. ताई सुरुवातीला बुजायची, "माझं इंग्लिश त्यांच्यासारखं नाही." आता ती मुलांना पोळी लाटायला आणि मापाशिवाय फोडणीचा अंदाज घ्यायला शिकवते. तुमच्या हातात जे आहे ते तिथे कामाला येतं.

प्रोजेक्ट निवडताना तीन प्रश्न

माझ्या भाचीला आधी घोडा हवा होता. पोरच ते! दाजींनी तिला नाही म्हटलं नाही, तीन प्रश्न विचारले. हेच तीन प्रश्न धंदा निवडताना मी माझ्या वर्गात विचारतो.

पहिला, रोज लागणारं काम तू थंडीत, परीक्षेत, कंटाळा आलेला असतानाही करशील का? दुसरा, नुकसान झालं तर आपल्याला किती सोसेल? तिसरा, सहा महिन्यांत काहीतरी मोजता येईल असं यातून निघेल का?

घोडा दुसऱ्याच प्रश्नाला बाद झाला. सहा कोंबड्या तिन्ही प्रश्नांना टिकल्या.

ती वही

आता या लेखाचा गाभा. फोर-एचमध्ये प्रोजेक्टसोबत रेकॉर्ड बुक ठेवायचं असतं. आधी लिहायचं, मी या वर्षी काय शिकणार. मग केलेलं काम तारखेनिशी, खर्च, उत्पन्न, तास, काय चुकलं, पुढच्या वर्षी काय बदलणार. भाचीने एप्रिलमध्ये अंड्यावर आलेल्या सहा तलंगा घेतल्या आणि ऑगस्टअखेर, म्हणजे पाच महिन्यांचा हिशोब लावला. तिच्या वहीतले आकडे असे:

खाद्य, महिन्याला एक पोतं, पाच पोती: १०० डॉलर
भुसा, शिंपल्यांचा चुरा वगैरे: ३० डॉलर
अंड्यांचे खोके: १० डॉलर
जुनं खुराडं १२० डॉलरला, चार वर्षं चालेल, या वर्षीचा वाटा: ३० डॉलर
कोंबड्या १५० डॉलरला, तीन वर्षं धरल्या, या वर्षीचा वाटा: ५० डॉलर
एकूण खर्च: २२० डॉलर

विकलेली अंडी ३० डझन, ४ डॉलरने: १२० डॉलर
घरी खाल्लेली १८ डझन, त्याच भावाने: ७२ डॉलर
एकूण उत्पन्न: १९२ डॉलर

तोटा: २८ डॉलर
माझे तास: ५०

तीन ओळींवर थांबा.

खुराड्याचा चार वर्षांत वाटा. पोरीने घसारा लावलाय! मी माझ्या चिवड्याच्या मोठ्या कढईचा आणि सीलिंग मशीनचा एक रुपया धरला नव्हता. (वरच्या हिशोबातही नाही, बघा. म्हणजे माझा खरा तोटा अजून मोठा.)

घरी खाल्लेली १८ डझन. किराणा दुकानदारांनो, मान खाली घाला. घरात लागणारी साखर, तेल, बिस्किटं आपण फडताळावरून उचलतो आणि महिन्याच्या शेवटी "गल्ला का जमत नाही?" म्हणून नोकराकडे बघतो.

माझे तास ५०. रोज वीस मिनिटं, दीडशे दिवस. तिने त्याला पैसे लावले नाहीत, पण लिहिले. लिहिल्यामुळे उद्या कोणी विचारलं की यातून तुला काय मिळालं, तर उत्तर देता येतं.

आणि मग शेवटचं पान, "पुढच्या वर्षी काय बदलणार." तिने शेजारच्या गिऱ्हाइकांना विचारलं, डझनाला ५ डॉलर दिले असते का? दोघं लगेच हो म्हणाले. तिने नवीन हिशोब मांडला: ४८ डझन, ५ डॉलरने, २४० डॉलर. खर्च तोच. २८ डॉलरचा तोटा जाऊन २० डॉलरचा नफा. एक डॉलरचा फरक, पण तो कुठे आहे हे कळण्यासाठी आधी तोटा लिहावा लागला.

ती अकरा वर्षांची मुलगी तोट्यात होती आणि तिला ते माहीत होतं. मी तोट्यात होतो आणि पेढे वाटत होतो.

फेअर, रिबन आणि लिलाव

उन्हाळ्याच्या शेवटाकडे काउंटी फेअर भरतो. आपल्या जत्रेसारखाच, पाळणे, खाणं, गर्दी. तिथे मुलं आपले प्रोजेक्ट मांडतात. परीक्षक मुलाला समोर बसवून विचारतात, काय केलंस, का केलंस, कुठे अडलास?

इथे एक गोष्ट मला फार आवडली. बऱ्याच प्रोजेक्टना नंबर देत नाहीत, एका ठरलेल्या मापाशी ताडून बघतात. डॅनिश पद्धत म्हणतात तिला. माप पूर्ण केलं तर निळी रिबन, थोडं कमी पडलं तर लाल, अजून काम हवं असेल तर पांढरी. दहा मुलांनी माप गाठलं तर दहाही जणांना निळी. शेजारच्याचं काम वाईट निघावं अशी प्रार्थना करावी लागत नाही. "पहिला नंबर कोणाचा?" या प्रश्नावर वाढलेल्या आपल्या पिढीला हे पचायला वेळ लागतो.

भाचीच्या वहीला निळी रिबन मिळाली. तोट्यातल्या वहीला! परीक्षकाने नफा बघितला नाही, हिशोब खरा आहे का ते बघितलं.

आता सावधानतेची गोष्ट. फेअरमध्ये मोठ्या जनावरांचा लिलाव होतो. गावातले दुकानदार, बँका, कंपन्या मुलांना प्रोत्साहन म्हणून बाजारभावापेक्षा बराच जास्त भाव देतात. चांगली प्रथा आहे. पण तो भाव म्हणजे धंद्याचा नफा समजू नये. मुलाने वहीत दोन ओळी कराव्यात: बाजारभाव किती, आणि वरची रक्कम किती. वरची रक्कम लोकांचं प्रेम आहे. आपल्याकडे नवीन दुकानाच्या उद्घाटनाला मामा, मित्र, सोसायटीवाले येऊन खरेदी करतात आणि आपण पहिल्या महिन्याच्या आकड्यावर दुसरा गाळा बघायला निघतो. तो लिलावाचा भाव असतो, मंडळी. तिसऱ्या महिन्यात अनोळखी गिऱ्हाईक किती आलं, ते मोजा.

अजून एक, शाकाहारी घरांसाठी विशेष. लिलावात गेलेलं जनावर बहुतेक वेळा कत्तलीसाठीच जातं. वर्षभर अंगाखांद्यावर वाढवलेलं जनावर सोडताना मुलं तिथेच रडतात. हे मुलाला पहिल्या दिवशी सांगा, शेवटच्या दिवशी नको. मन तयार नसेल तर दुसरा प्रोजेक्ट घ्या, कोणी कमी लेखत नाही.

आणि फेअरवरच सगळी मदार ठेवू नका. २०१५ मध्ये बर्ड फ्लूमुळे ओहायोत जिवंत पक्ष्यांची प्रदर्शनं बंद ठेवली होती. ज्यांनी फक्त कप जिंकायला कोंबडी पाळली होती त्यांचं वर्ष गेलं. ज्यांची वही भरलेली होती त्यांचं काहीच गेलं नाही.

पालक कुठे चुकतात

एक, काम आपणच करतात. खुराडं बाबा साफ करतो, वही आई भरते, रिबन मुलगा घेतो. परीक्षकाच्या दुसऱ्या प्रश्नाला हे उघडं पडतं.

दोन, नुकसान लपवतात. कोंबडी मेली तर गुपचूप दुसरी आणून ठेवतात. मरू द्या, लिहू द्या, का मेली ते शोधू द्या.

तीन, सगळा खर्च बिनबोभाट भरतात. भांडवल द्यायचं असेल तर उसने द्या, वहीत लिहा आणि परत घ्या. भाचीने दाजींचे २७० डॉलर, खुराड्याचे आणि कोंबड्यांचे, अजून फेडायला घेतलेत. दाजी सोडत नाहीत आणि ते बरोबर करतात.

आपल्या इथे काय?

करून शिकणं ही कल्पना अमेरिकेहून आणायची गरज नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणारी नई तालीम तिथून पुढे आली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, खाद्यप्रक्रिया हातांनी करत शिकतात, आणि हीच पद्धत पुढे शाळांतही गेली. तुमच्या मुलाच्या शाळेत असा कार्यक्रम असेल तर नशीब समजा. शाळेत स्काऊट-गाईड पथक असेल तर त्यातही कौशल्यांचे बॅज असतात, ते मनावर घ्या.

काहीच नसेल तर चार घरांचा क्लब करा. चार-पाच मुलं, महिन्याला एक मीटिंग, मुलांतलाच अध्यक्ष आणि खजिनदार, प्रत्येकाचा एक प्रोजेक्ट, प्रत्येकाची एक वही. सहा महिन्यांनी अंगणात मांडणी. परीक्षक म्हणून गल्लीतल्या टेलरला, गवंड्याला, बेकरीवाल्याला बोलवा. नंबर काढू नका, माप ठरवा.

फक्त एक फरक ध्यानात ठेवा. मुलाला सुट्टीत गल्ल्यावर बसवणं म्हणजे प्रोजेक्ट नव्हे. तिथे निर्णय तुमचे, नफा तुमचा, तो फक्त फुकटचा हात. प्रोजेक्ट तेव्हा होतो जेव्हा माल कुठला आणायचा हे तो ठरवतो आणि चुकलं तर भोगतोही तोच. माझ्या वडिलांनी मला चौदा वर्षं दुकानात बसवलं, पण एकदाही खरेदीची वही हातात दिली नाही. त्यांचा जीव होता माझ्यावर, म्हणूनच दिली नाही. त्याची किंमत चिवड्यात आईने भरली.

या वर्षी माझ्या दहा वर्षांच्या मुलाला मी दुकानातलं एक फडताळ दिलंय, पेन, पेन्सिल, खोडरबर, स्टिकर. ५०० रुपये उसने, वहीत लिहून. पहिल्याच महिन्यात त्याने सगळे पैसे स्टिकरमध्ये घातले आणि परीक्षेच्या आठवड्यात त्याच्याकडे एक पेन नव्हतं. मला सगळं दिसत होतं. जीभ चावून गप्प बसलो. फार अवघड जातं हो ते!

आणि चिवडा? दुसऱ्या वर्षी दर २०० वरून २६० केला, माल निम्मा केला, उधारी बंद केली. आईला तासाप्रमाणे पैसे दिले. ती आधी रागावली, "घरच्या माणसाला मजुरी देतोस?" मग तिने ते पैसे घेतले, मोजले, आणि त्यातून स्वतःसाठी पहिला मोबाईल घेतला. आता भाचीला व्हिडिओ कॉल तीच लावते.

गृहपाठ

१. तुमच्या दुकानातला एकच माल निवडा. त्याचा गेल्या महिन्याचा हिशोब भाचीच्या पद्धतीने मांडा: खर्च, घसाऱ्याचा वाटा, घरी वापरलेला माल, घरच्यांचे तास.

२. उत्तर नफा आलं की तोटा, ते पानाच्या खाली मोठ्या अक्षरात लिहा. खोडायचं नाही.

३. त्याच पानावर एक ओळ: पुढच्या महिन्यात मी कोणती एकच गोष्ट बदलणार.

४. घरात आठ वर्षांवरचं मूल असेल तर हे पान त्याला समजावून सांगा. तो जो पहिला प्रश्न विचारेल, तो लिहून ठेवा. हसण्यावारी नेऊ नका. माझा एक प्रश्न मी हसण्यावारी नेला होता, आणि त्याचं उत्तर शोधायला रात्रभर जागावं लागलं.

पुढच्या व्हिडिओत घसारा अजून सोप्या भाषेत घेऊ, कढई आणि सीलिंग मशीन समोर ठेवूनच. तोपर्यंत वही भरत राहा.